मिटल्या तोंडाची हाक

त्या रानात आता कुणी कुणाला खात नसे, तरी सगळे घाबरलेले असत.

भीती कशाची, असं विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. ज्याला बोट नव्हतं तो शेपूट दाखवी. ससे म्हणत, राखणदारांची. राखणदार, म्हणजे कोल्हे, म्हणत, वरच्यांची. वरचे, म्हणजे पळसबनात राहणारी शिंगवाली मंडळी, काही म्हणतच नसत. पण वाळकं पान पडलं तरी त्यांचे कान उभे राहत. कोल्हे बोरांवर आणि खेकड्यांवर भागवत. खेकडे कमी होत होते, पण त्यांना त्या रानात कुणी हिशेबात धरतच नसे.

फार मागे तिथे एका बिबट्याचं राज्य होतं. त्याचा कायदा समजायला सोपा होता. त्याला भूक लागली की कुणीतरी कमी होई. एकदा तो भरल्या पोटी कड्यावर झोपला असताना खालच्या घळीत सगळे जमले. ससे, साळिंदरं, बेडूक, कावळे, सांबरं, कोल्हेसुद्धा. तिथे त्यांनी सहा हाका बांधल्या. कुणावर जबरदस्ती झाली तर त्यानं ठरलेली हाक मारायची, आणि ऐकणाऱ्यानं, मग त्याची शिंगं केवढीही असोत, चाललेलं काम टाकून जागच्या जागी थांबायचं. सहावी हाक त्यात वेगळी होती. पहिल्या पाचांतली लागू असेल ती मारूनही कुणी थांबलं नाही तरच ती मारायची. ती बांधताना प्रत्येकानं आपल्या गळ्यातला किंवा अंगातला एकेक आवाज दिला, म्हणजे उद्या कुणाला ‘ही आमची नव्हे’ म्हणायची सोय राहू नये.

आता वर बिबट्या घोरत होता. म्हणून हाकांचा सराव सगळ्यांनी तोंड मिटून, नुसत्या गुणगुणण्यानं केला. सराव पक्का झाल्यावर एका सकाळी सगळ्यांनी मिळून तोंडं उघडली, आणि बिबट्या जो निघाला तो डोंगर ओलांडूनच थांबला.

इथवर ठीक झालं. घोळ पुढे झाला. म्हाताऱ्यांनी पिल्लांना हाका शिकवल्या त्या स्वतः शिकले होते तशाच, घळीत नेऊन, तोंड मिटून. सराव ध्यानात राहिला, ती सकाळ तेवढी विसरली. पुढच्या पिढीला वाटलं, तोंड मिटणं हाच नेम असणार. त्याच्या पुढच्या पिढीनं त्या नेमाला फुलं वाहिली. झालं. फुलं वाहिलेल्या वस्तूला कोण हात लावतो?

या हाका पिल्लांना समजावून सांगायचं काम साळबा गुरुजींकडे होतं. साळबा म्हणजे साळिंदर, अंगानं गोल, मनानं पातळ. त्याला ही जागा मिळाली कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. आणि पिल्लांपुढे अंगावर काटे असलेला कुणीतरी उभा करावा, असं वरच्यांना वाटलं. वरच्यांना त्याची खोड ठाऊक नव्हती. साळबा घाबरला की त्याचे काटे उभे राहत आणि खुळखुळ वाजू लागत. बाकीचे आपापली भीती पोटात दडवत. याची पाठीवर उभी राही आणि वर नाद करी. त्याची बायको म्हणे, ‘अहो, जरा बसवा ते काटे, परत बिळाच्या दारात अडकाल.’ तो अडकेच.

शाळा त्याच घळीत भरे. पिल्लं ओळीनं बसत. सगळ्यात पुढे टिवली, सशाची पोर, जिचा एक कान सदा दुमडलेला आणि दुसरा सदा उभा. तिच्या शेजारी डबक्या, बेडकाचा पोरगा. हा डबक्या वर्गातला पहिला, कारण बेडकांना मुळात तोंड मिटूनच ओरडता येतं. गळा फुगवून तो असा काही गुणगुणे की घळ दणाणे, आणि साळबाला त्याला शाबासकी द्यावी की दटावावं हे कळत नसे.

‘पाणवठ्यावर जो आधी येईल तो आधी पिणार,’ साळबा सांगत होता. ‘शिंगं असोत, नुसती शेपूट असो, नाहीतर दोन्ही नसोत. मधे कुणी घुसला तर पहिली हाक.’

‘हत्ती घुसला तर?’ डबक्यानं विचारलं.

‘आपल्याकडे हत्ती नाही.’

‘नाही म्हणूनच विचारलं, गुरुजी. असता तर तुमचे काटे वाजले असते आणि आम्हाला काही ऐकू आलं नसतं.’

पिल्लं खिदळली. साळबा पण हसला, पण आधी घळीच्या तोंडाकडे बघून.

‘दुसरी हाक. जिथे वाटेल तिथे हिंडावं, चौघांनी मिळून बसावं, मनातलं बोलावं. आणि कुणी धरून नेलं तर का नेलं ते त्यानं सांगायला हवं.’

‘मनातलं बोलावं,’ टिवली म्हणाली, ‘ही हाकसुद्धा न बोलताच म्हणायची?’

‘म्हणायची नाही गं, गुणगुणायची. पुढे चला. तिसरी. कुणाकडून जबरदस्तीनं ओझी वाहून घ्यायची नाहीत. पिल्लांकडून तर नाहीच नाही. आज खारीची पोर दिसत नाही ती?’

‘ती पळसबनात शिंगवाल्यांसाठी बिया वेचायला जाते, गुरुजी. रोजच जाते.’

‘हं. तर चौथी.’ साळबा इतक्या घाईनं चौथीवर गेला की तिसरी मागे तशीच पडून राहिली. ‘कुणी उगवत्याला मान झुकवावी, कुणी चांदाला, कुणी कुणालाच नाही. त्यावरून कुणी कुणाला ढकलू नये. आणि पाचवी, ज्यानं त्यानं आपल्या पिल्लांना आपला आवाज शिकवावा. शिकायला येणाऱ्या कुणालाही दारातून परतवू नये.’

‘मग कोल्ह्यांची पिल्लं का येत नाहीत?’

‘त्यांना वेगळं शिकवतात.’

‘काय?’

‘धरायला,’ साळबा म्हणाला, आणि आपण हे मोठ्यानं म्हणालो हे कळून त्याच्या पाठीवर एक काटा उभा राहिला.

टिवलीचा उभा कान त्या काट्याकडे वळला. ‘गुरुजी, एक शेवटचं. मिटल्या तोंडाची हाक ऐकू कुणाला जाते?’

‘ज्याला जायला हवी त्याला जाते,’ साळबा म्हणाला. मग सगळेच काटे उभे राहिले आणि शाळा सुटली.

वर्षातून एकदा हाकदिवस येई. घळीतल्या मोठ्या दगडाला पळसफुलांची माळ घालत आणि सगळं रान तोंड मिटून सहाही हाका गुणगुणे. नंतर राखणदारांचा म्होरक्या झुपकेराव भाषण करी. तो म्हणे, ‘या हाका म्हणजे आपला प्राण. आणि प्राण कसा, आत असेल तोवर शोभतो. बाहेर काढला की संपलं.’ सगळे माना हलवत. ज्यांना समजलं नाही ते जास्त हलवत.

झुपकेरावाला स्वतःला मात्र एका गोष्टीची काळजी होती. कोल्ह्यांची एक जुनी, लाजिरवाणी सवय. कुठे सूर निघाला की बाकीच्यांना गप्प राहता येत नाही. नाक आभाळाकडे जातं, डोळे मिटतात, आणि मग कोण म्होरक्या आणि कोण शिपाई. पहाऱ्यावर हे बरं दिसत नाही म्हणून त्यानं हुकूम काढला होता की गळ्यात सूर येतोय असं वाटलं की दात घट्ट आवळायचे. तेव्हापासून राखणदार फार कडक दिसत. पिल्लं त्यांचे आवळलेले जबडे बघून घाबरत. ते काय आवळून धरताहेत, हे पिल्लांना कुठून कळणार?

त्या उन्हाळ्यात पाणवठा आटला. मधे चिखल राहिला आणि चिखलाच्या मधे जेमतेम पाणी. पळसबनातून कावळ्याकरवी निरोप आला, ‘आधी शिंगं, मग उरेल त्यात बाकीचे.’ उरेल किती, ते निरोपात नव्हतं.

दुपारी सगळे काठावर उभे होते. टिवली सकाळपासून पहिली उभी होती. तिच्यामागे तिची आई बुजरी, आणि बरंच मागे, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा बेतानं, साळबा गुरुजी. सांबरं आली आणि सरळ पाण्यात शिरली.

टिवलीनं तोंड मिटून पहिली हाक गुणगुणली.

झुपकेराव काठावर पहाऱ्याला होता. ‘काय गं, पोटात दुखतंय का?’

तिनं पुन्हा गुणगुणलं. सांबरं पीत राहिली. कुणी थांबलं नाही. तिनं मागे वळून बघितलं. ती गुरुजींना शोधत होती. साळबानं तिची नजर स्वतःवर येताना बघितली आणि तो पायाखालच्या मातीत काहीतरी हरवल्यासारखा खाली बघू लागला. काटे मात्र वाजले.

मग टिवलीनं तोंड उघडलं. ‘मी आधी आले होते,’ ती म्हणाली. एवढंच. पण उघड्या तोंडानं.

पाणवठा असा शांत झाला की सांबरांच्या जिभांचा आवाज ऐकू यायला लागला. झुपकेराव चार पावलं चालला, त्यानं टिवलीला मानेच्या कातडीला धरून उचललं आणि करवंदीच्या जाळीकडे नेलं.

‘का?’ बुजरी मागे धावत म्हणाली. ‘का नेता तिला? काय केलं तिनं?’

एक राखणदार दात आवळूनच म्हणाला, ‘ऊन उतरल्यावर कड्यामागच्या कपारीत नेणार आहेत. तिथं विचारा.’

कड्यामागच्या कपारीतून परत आलेला कुणी नव्हता, त्यामुळे तिथे काय विचारतात आणि काय सांगतात हे रानाला माहीत नव्हतं. बुजरी वळली. काठावरचे सगळे एकाएकी फार कामात पडले. ती साळबासमोर येऊन उभी राहिली.

‘गुरुजी, तुम्हीच शिकवलंत ना तिला?’

‘मी... मी मिटून शिकवलं होतं हो.’

‘व्हय,’ बुजरी म्हणाली. ‘ते दिसलंच मघा.’

साळबाला घरी जावंसं वाटत होतं. बिळात शिरावं, काटे बसवावे, बायकोनं दार लावून घ्यावं. तो तसा निघालाही. पण पाय, त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, करवंदीच्या जाळीकडे वळले. तो जाळीशी पोचला तेव्हा त्याचा इतका खुळखुळाट होत होता की झुपकेरावानं न बघताच ओळखलं.

‘या, गुरुजी या. तुमच्या येण्याची वर्दी कुणाला द्यावी लागत नाही.’

‘राव, पोर लहान आहे.’

‘लहान आहे म्हणूनच तर उचलता आली.’

आत जाळीत टिवली बसली होती. तिचा उभा कान आता दुमडला होता.

‘पण तिचा अपराध काय?’ साळबा म्हणाला. ‘का धरलं ते सांगायचं असतं. दुसऱ्या हाकेत तसं...’

‘मग मारा की हाक. अडवलंय का कुणी?’

साळबानं डोळे मिटले, तोंड मिटलं आणि दुसरी हाक गुणगुणली, शेवटपर्यंत, एकही सूर न चुकता. झुपकेरावानं सवयीनं मान झुकवून, अगदी भक्तिभावानं ती ऐकली.

‘वा,’ तो म्हणाला. ‘अंगावर काटा आला, तुमच्यासारखा. पुढच्या हाकदिवशी सुरुवात तुम्हीच करा.’ आणि तो आळस देत पुन्हा जाळीच्या दारात बसला.

साळबा परत फिरला. जाळीतून बारीक आवाज आला. ‘गुरुजी, ज्याला ऐकू जायला हवी होती, तो हाच होता ना?’

त्याला मागे वळायचा धीर झाला नाही.

घळीत पिल्लं वाट बघत होती. शाळेची वेळ नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं, तरी सगळी ओळीनं बसली होती. फक्त पुढची एक जागा मोकळी सोडली होती. बुजरी घळीच्या तोंडाशी उभी होती. सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या.

‘गुरुजी, पहिली झाली, दुसरी झाली, कुणी थांबलं नाही. आता सहावी मारा,’ डबक्या म्हणाला.

‘सहावी कुणी उघड्या तोंडानं मारलेली नाही रे बाबा.’

‘मारता येत नाही, की मारलेली नाही?’

उत्तर येत नसलं की मास्तर लोक पाठ म्हणायला लावतात. साळबानंही तेच केलं. ‘म्हणा बघू,’ तो म्हणाला, आणि त्यानं सहावी गुणगुणायला घेतली. तिची सुरुवात नाकातून खुळखुळ अशी व्हायची. वर्षानुवर्षं तो ती तशी शिकवत आला होता.

‘थांबा,’ कावळ्याचं पिल्लू म्हणालं. ‘हे तर तुमचे काटे.’

सगळे साळबाकडे बघू लागले. तो गप्प झाला, तरी ते खुळखुळणं चालूच होतं. नाकातून नव्हे, पाठीवरून. तोच ताल, तेवढाच लांब. कुणा जुन्या साळिंदरानं या घळीत, वर बिबट्या झोपलेला असताना, दुसरं काही नव्हतं म्हणून आपली भीतीच देऊन टाकली होती.

‘पुढचं म्हणा, गुरुजी, लवकर.’

पुढचं त्यानं म्हटलं, आणि डबक्या उडालाच. ‘हे आमचं! हे आमच्या आजोबांचं डराव!’ त्याच्या पुढचं कावळ्याचं निघालं. त्यानंतर एक बारीक, कापरा सूर होता. तो कुणी ओळखला नाही. घळीच्या तोंडाशी बुजरी हळूच म्हणाली, ‘तो आमचा हाय.’ सशाला तो आवाज काढायची वेळ सहसा येत नाही. आली की ती शेवटचीच असते. एक जाड, ठोक्यासारखा सूर सांबरांचा होता, हे कळल्यावर पिल्लांनी नाकं मुरडली.

मधे मात्र एक तुकडा होता, लांब, चढत चढत जाणारा. पिल्लांनी तो आपापल्या गळ्यात बसवून बघितला. बिया वेचून परतलेल्या खारीच्या पोरीला तो लांब पडला, कावळ्याला उंच. ओळीतल्या कुणाचाच तो निघेना.

‘राहू दे,’ साळबा म्हणाला. ‘तिथे गप्प राहू. जो कुणी असेल त्याची जागा.’

बाहेर कावळे ओरडले. ऊन उतरलं होतं.

पाणवठ्याच्या बांधावरून राखणदार निघाले होते. पुढे झुपकेराव, त्याच्या दातांत मानेच्या कातडीनं लटकलेली टिवली, मागे दात आवळलेली बाकीची रांग. बांधाच्या खाली सगळं रान उभं होतं आणि बघत नसल्यासारखं बघत होतं. साळबा समोरच्या टेकाडावर चढला. आपण वर का चढलो, हे त्याला तिथे पोचल्यावर नीट कळलं, आणि कळल्यावर उतरावंसं वाटलं. पण मागे पिल्लं होती. पिल्लांच्या मागे बुजरी होती. उतरायला वाट नव्हती.

काटे उभे राहिले आणि वाजू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते बसवायची खटपट केली नाही. वाजू दिले. ठरला ताल पुरा होऊ दिला. मग त्यानं तोंड उघडलं.

जे बाहेर आलं ते फार गोड नव्हतं. पण त्यावर डबक्याचं डराव पडलं, आणि पाणवठ्याच्या चिखलातून, वाळलेल्या कपारींतून, उन्हाळाभर मुके बसलेले सगळे बेडूक त्याच्यात मिसळले. कावळ्याचं पिल्लू ओरडलं तसे झाडांवरचे कावळे उठले. मग बुजरीनं तो बारीक सूर लावला. तो ऐकून बांधाखालच्या सशांच्या माना वर झाल्या आणि तो दहाही दिशांनी परत आला. पळसबनाच्या कडेला एक म्हातारं सांबर चरता चरता थांबलं. त्याच्या गळ्यातून ठोका सुटला. तो कुठून आला म्हणून त्यानं स्वतःच इकडेतिकडे बघितलं.

झुपकेराव थांबला होता. थांबायचं त्याच्या मनात नव्हतं.

आणि मग ती मोकळी जागा आली.

टेकाडावर सगळे गप्प झाले. बांधावर वारा पडलेला. झुपकेरावाचे कान मागे गेले, पुढे आले. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. रांगेतल्या सगळ्यात मागच्या राखणदाराच्या गळ्यात काहीतरी हललं. त्यानं पटकन दात आवळले आणि म्होरक्याकडे बघितलं. म्होरक्यानंही आवळले होते, टिवलीच्या मानेच्या कातडीसकट, इतके की त्याचे गाल थरथरत होते. तिला दुखलं असणार. तिनं डोळे मिटून घेतले.

ती जागा तशीच उघडी राहिली. कुणी ती भरली नाही, कुणी ती ओलांडून पुढे गेलं नाही. टेकाडावर साळबा तोंड उघडं ठेवून, श्वास धरून उभा होता.

झुपकेरावाचं नाक हळूहळू वर जाऊ लागलं. त्यानं ते खाली ओढलं. ते पुन्हा वर गेलं. मागे एकानं सूर सोडला, पाठोपाठ दुसऱ्यानं. लांब, चढत चढत जाणारा. झुपकेरावाचे डोळे मिटले, मान आभाळाकडे ताणली गेली, आणि त्याचं तोंड उघडलं.

टिवली खाली गवतात पडली. ती पळाली नाही. बांधावर उभं राहून सगळे राखणदार आभाळाकडे तोंड करून हाक देत होते, आणि त्यांच्या मोकळ्या जबड्यांखाली, एक कान दुमडलेला आणि एक उभा अशी ती बसली होती, हाकेतला आपला बारीक तुकडा परत कधी येतो त्याची वाट बघत.